टोकाच्या वावरापर्यंत पाणी: छंद आणि आत्मपरीक्षण यांच्या आधाराने आयुष्याचा तोल कसा सावरावा

आमच्या खानदेशात अहिराणी बोलीतले एक वाक्य वारंवार कानावर पडते: "कसामाच जीव लागस नही." म्हणजे कशातच मन रमत नाही. हे बोलणारा माणूस बहुधा रडत नसतो आणि त्याने काम सोडलेले नसते. तो शाळेत शिकवतो, दुकान उघडतो, केळीच्या बागेला पाणी देतो, लग्नकार्याला जाऊन आहेर करून येतो. मात्र या सगळ्यात आपण स्वतः कुठे आहोत, हे त्याला सापडत नाही. दोन्ही मुले शिक्षणासाठी पुण्याला गेली त्या वर्षी हेच वाक्य माझ्याही तोंडी येऊ लागले. शाळेतून घरी आल्यावर संध्याकाळी सहा ते नऊ हा वेळ हातात मोबाईल धरून संपून जात असे आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर आज आपण काय केले, हे आठवत नसे. त्यातून बाहेर येताना जे करून पाहिले, जे फसले आणि जे टिकले, ते येथे क्रमाने मांडत आहे. घर आणि नोकरी किंवा शेती सांभाळत असताना ज्यांच्या जगण्यातला रस आटत चालला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर करायला हवा. आधी मन ताजे होईल, मग छंद सुचेल, असे आपण धरून चालतो. अनुभव याच्या उलट आहे. पीटर लेविनसोन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात नैराश्याचा अभ्यास करताना असे मांडले, की आनंद देणाऱ्या कृती आयुष्यातून कमी झाल्या की मन खचते आणि मन खचले की त्या कृती आणखी कमी होतात. हे चक्र तोडायचे तर सुरुवात कृतीकडून करावी लागते, कारण मनाला हुकूम देता येत नाही, हातापायांना देता येतो. म्हणून इच्छा होत नसतानाही छोटी, ठरलेली कृती करणे, हाच पुढच्या सर्व पायऱ्यांचा पाया आहे.

पायरी पहिली: हा कंटाळा आहे की आजार, हे आधी पाहा

सतत थकवा आणि निरुत्साह यांच्या मागे रक्तातले लोह कमी असणे, थायरॉईडचा बिघाड, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मधुमेह असू शकतो. आपल्याकडे, विशेषतः बायकांमध्ये, अशक्तपणा वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो आणि त्यालाच 'वय झाले' असे म्हटले जाते. म्हणून छंद शोधण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून साध्या रक्ततपासण्या करून घ्याव्यात.

त्याचप्रमाणे सलग दोन आठवडे किंवा अधिक काळ जवळजवळ रोजच उदास वाटत असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जगणे नकोसे वाटण्याचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते आणि तेथे मराठीतही बोलता येते. छंद हा उपचारांना उत्तम जोड देतो, पण उपचारांची जागा घेत नाही. हे मी ठासून सांगते, कारण 'कशात तरी मन रमव' एवढ्या सल्ल्यावर ज्यांची बोळवण झाली, अशी माणसे मी जवळून पाहिली आहेत.

पायरी दुसरी: एका आठवड्याची नोंद

साधी दोनशे पानी वही घ्या आणि सात दिवस, दर दोन-तीन तासांनी, फक्त तीन गोष्टी लिहा: काय केले, कोणाबरोबर केले, आणि त्यानंतर बरे वाटले की गळून गेल्यासारखे झाले. बरे वाटण्याला शून्य ते दहापैकी गुण द्यावेत. या आठवड्यात काहीही सुधारण्याचा प्रयत्न करू नये. नोंद प्रामाणिक राहण्यासाठी ती कोणालाही दाखवायची नाही, हे आधीच ठरवून ठेवावे.

आठ दिवसांनी वही वाचली की काही गोष्टी आपोआप दिसतात. मला वाटत होते, की शाळेचे काम मला थकवते. प्रत्यक्षात वर्गात शिकवण्याच्या तासांना मी सात-आठ गुण दिले होते आणि सर्वांत कमी गुण संध्याकाळच्या मोबाईलला होते, ज्याला मी विश्रांती समजत होते. दुसरे आश्चर्य शनिवारच्या दुपारी दिसले. त्या दिवशी सासूबाईंबरोबर कुरडया घालताना त्यांनी श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवातले एक जुने अहिराणी गाणे म्हटले होते आणि त्या अर्ध्या तासापुढे मी नऊ गुण लिहिले होते. असे न मागता मिळालेले आठ-नऊ गुण वहीत जिथे सापडतील, तिथे खूण करून ठेवा. पुढची निवड तिथूनच करायची आहे.

ज्यांना लिहिण्याचा सराव नाही, त्यांनी मोबाईलवर आवाज नोंदवावा. असोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्या कविता रचत गेल्या आणि घरातल्या माणसांनी त्या कविता उतरवून घेतल्या, म्हणून त्या आपल्यापर्यंत पोहोचल्या. मनातले बाहेर येण्यासाठी अक्षरओळख ही अट नाही.

पायरी तिसरी: छंद निवडणे

येथे बहुतेकांची चूक होते, माझीही झाली. वहीतल्या खुणांकडे दुर्लक्ष करून मी उत्साहाच्या भरात एक पेटी विकत घेतली. मला गाणे आवडते हे खरे, पण पेटी घेण्यामागे वर्षभरात शाळेच्या कार्यक्रमात वाजवून दाखवावी, ही इच्छा होती. शिकण्यापेक्षा दाखवण्याकडे डोळा असला की पहिल्या अडखळण्यालाच लाज वाटते. दोन महिन्यांत पेटीवर कापड पडले आणि मला आधीपेक्षा जास्त वाईट वाटू लागले.

म्हणून छंद निवडताना तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी पाहणार नसेल तरी मला करावेसे वाटेल का? हे घरात असलेल्या साहित्यावर, फार तर दोन-तीनशे रुपयांत, या आठवड्यात सुरू करता येईल का? आणि हे माझ्या रोजच्या कामापेक्षा वेगळ्या इंद्रियांना जागे करते का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. दिवसभर हिशेब करणाऱ्याने संध्याकाळी शब्दकोडी सोडवली तर त्याच थकलेल्या डोक्याला पुन्हा जुंपल्यासारखे होते. त्याला मातीत हात घालण्याची गरज असते. याउलट, दिवसभर वावरात राबणाऱ्याला बागकाम हा विरंगुळा वाटणार नाही. त्याला भजनी मंडळात बसणे, वाचनालयातून आणलेले पुस्तक वाचणे किंवा बुद्धिबळाचा डाव मांडणे अधिक मानवेल.

आपल्या भागात सहज करता येण्यासारख्या काही गोष्टींचा विचार जरा सविस्तर करू. पक्षी पाहण्याची आवड असेल तर भुसावळजवळचे हतनूर धरण हाताशी आहे. हिवाळ्यात तेथे चक्रवाक, थापट्या यांसारखे स्थलांतरित पक्षी उतरतात. सुरुवातीला दुर्बीणही लागत नाही. पहाटे पोहोचावे, एका जागी तासभर शांत बसावे आणि दिसलेल्या पक्ष्याची चोच, पाय, रंग आणि उडण्याची पद्धत वहीत टिपावी. नाव नंतर शोधता येते. एरवी घराजवळच्या बाभळीवर किंवा नाल्याकाठी रोज एकाच वेळी दहा मिनिटे थांबले, तरी महिनाभरात पंधरा-वीस पक्षी ओळखीचे होतात.

हाताच्या कौशल्याची ओढ असेल तर गोधडी शिवणे किंवा खापरावरचे मांडे शिकणे यांइतके मन एकवटणारे काम मी दुसरे पाहिलेले नाही. पुरण भरलेला गोळा हातांवर फिरवत फिरवत वाढवायचा आणि तो न फाटता उलट्या खापरावर टाकायचा, या काही क्षणांत दुसरा विचार मनात येऊच शकत नाही. आला तर मांडा फाटतो. दहा मांडे फाटल्यावर अकरावा जमतो, तेव्हा जो आनंद होतो तो कोणाच्या शाबासकीवर अवलंबून नसतो. मात्र ज्या बाईला रोज दोन वेळचा स्वयंपाक करावाच लागतो, तिच्यासाठी हा छंद ठरत नाही, आणखी एक काम ठरते. घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी तो शिकावा, असे मला मनापासून वाटते.

छायाचित्रण आवडणाऱ्यांनी चाळीसगावचे केकी मूस यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. 1989 मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे ते चाळीसगावातल्या आपल्या घरातच राहून काम करत राहिले. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यांवर हवा तसा प्रकाश पाडून त्यांनी निसर्गदृश्ये भासावीत अशी छायाचित्रे घेतली. त्यांच्यासारखे एकांतात राहावे, असे मी सुचवत नाही. पण चित्र काढण्यासाठी किंवा छायाचित्र घेण्यासाठी काश्मीरला जावे लागत नाही, एक टेबल आणि खिडकीतून येणारा प्रकाश पुरतो, एवढे त्यांच्या कामावरून पटते. तुमच्या मोबाईलमधला कॅमेरा त्यासाठी पुरेसा आहे.

मी स्वतः अखेरीस अहिराणी शब्द आणि गाणी गोळा करण्याकडे वळले. आंडोर (मुलगा), आंडेर (मुलगी), बठ्ठं (सगळं), घरोट (जाते), कव्हय (केव्हा) असे शब्द माझ्या मुलांच्या बोलण्यातून गेलेच आहेत. त्यांचे अर्थ, ते कोणत्या प्रसंगी वापरतात आणि पलीकडच्या गावात त्याऐवजी काय म्हणतात, हे लिहिताना माझ्या संध्याकाळी भरू लागल्या. याचा दुसरा लाभ मी आधी ध्यानातच घेतला नव्हता: सासूबाईंना कोणीतरी रोज काही विचारते आहे, याने त्यांचाही दिवस बदलला. ज्यांच्या घरात म्हातारी माणसे आहेत, त्यांनी या छंदाचा अवश्य विचार करावा.

यादी कितीही मोठी झाली तरी पहिल्या तीन महिन्यांसाठी छंद एकच निवडायचा. दुसरा सुचला तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावा.

पायरी चौथी: छंदाला पाळी लावणे

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर शेकडो वर्षांपासून फड पद्धतीने सिंचन होत आले आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठे फड, प्रत्येक फडात त्या वर्षी सर्वांनी मिळून ठरवलेले एकच पीक, आणि पाटकरी ठरलेल्या क्रमाने पाणी फिरवणार, अशी ती व्यवस्था. पाटाच्या तोंडाशी ज्याचे वावर आहे त्याने हवे तेवढे पाणी घेतले, तर टोकाचे वावर कोरडे राहते. ते राहू नये म्हणूनच पाळी असते. आपल्या दिवसाचेही तसेच आहे. नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, नातेवाईक ही सगळी पाटाच्या तोंडाशी बसलेली वावरे आहेत. 'वेळ उरला तर करू' असे म्हटलेला छंद टोकाला असतो आणि त्याच्यापर्यंत कधीच काही उरत नाही.

त्यामुळे वेळ उरण्याची वाट न पाहता तो आधी बांधून द्यावा. दिवसाला वीस मिनिटे पुरेत. आठवड्यातून चार दिवसही चालतील. मात्र 'संध्याकाळी कधीतरी' असे न ठरवता आधीच्या एखाद्या पक्क्या सवयीला छंद जोडावा: 'संध्याकाळचा चहा झाला, कपबशा धुतल्या, की मी ओट्यावर वही घेऊन बसेन.' साहित्य डोळ्यांसमोर आणि हाताच्या अंतरावर असावे. गोधडीची सुई-दोरा कपाटात बंद असेल आणि मोबाईल उशाशी असेल, तर कोण जिंकणार हे ठरलेलेच आहे. त्या वीस मिनिटांत मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

दीपनगरच्या वीजकेंद्रात, वरणगावच्या आयुध निर्माणीत किंवा भुसावळच्या रेल्वेत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांना घड्याळाची वेळ ठरवता येत नाही. त्यांनी 'कामावरून आल्यावर, अंघोळीनंतर' अशी वेळ ठरवावी, म्हणजे पाळी बदलली तरी क्रम बदलत नाही. शेतकऱ्यांनी हंगाम ओळखून आखणी करावी. पेरणीच्या दिवसांत किंवा कापूस वेचणीच्या काळात नवा छंद सुरू करणे म्हणजे अपयश ओढवून घेणे आहे. तसेच मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा गच्चीवर बाग सुरू करू नये. ती जूनच्या पहिल्या पावसानंतर, मेथी, पालक, गवार अशा लवकर येणाऱ्या भाज्यांनी सुरू करावी. उन्हाळ्याच्या दुपारी घरातल्या छंदांसाठी राखाव्यात.

सवय किती दिवसांत लागते, याविषयी 21 दिवसांचा आकडा सर्वत्र सांगितला जातो. तो मनातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कृती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, आणि वेगवेगळ्या माणसांचा हिशेब 18 पासून 254 दिवसांपर्यंत पसरलेला होता. त्याच अभ्यासात असेही दिसले, की एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही. म्हणून पाहुणे आले, दुखणे आले, चार दिवस खंड पडला, तरी पाचव्या दिवशी गाजावाजा न करता पुन्हा बसावे.

पायरी पाचवी: आठवड्यातून एकदा स्वतःशी बोलणे

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यातले तत्त्वज्ञान हा वेगळा विषय आहे. मला त्यातली लय महत्त्वाची वाटते. बाहेरचे काहीच आपल्या हाती नसताना आठवड्यातला एक ठरलेला वेळ विचारासाठी राखता येतो. तुमच्या रविवारची पंधरा-वीस मिनिटे अशीच राखून ठेवा.

आत्मपरीक्षण आणि मनाला पोखरत राहणे यांत फरक आहे आणि तो फरक प्रश्नाच्या पहिल्या शब्दात असतो. अहिराणीत 'का' या अर्थी 'काबर' म्हणतात. 'माझेच असे काबर झाले', 'मी अशी काबर आहे' या प्रश्नांना तळ नसतो. माणूस गोल गोल फिरत राहतो आणि अधिक थकतो. त्याऐवजी प्रश्न 'काय' आणि 'केव्हा' यांनी सुरू करावा. या आठवड्यात मला केव्हा बरे वाटले? तेव्हा मी काय करत होते? कोणती गोष्ट मी केवळ लोक काय म्हणतील म्हणून केली? मी काय टाळते आहे? पुढच्या सात दिवसांत मी कोणती एक छोटी गोष्ट वेगळी करणार? एवढे पाच प्रश्न पुरतात. पाचव्याचे उत्तर इतके ठोस असावे, की पुढच्या रविवारी ते झाले की नाही, हे एका शब्दात सांगता यावे. 'आनंदी राहीन' हे उत्तर नव्हे. 'बुधवारी बहिणीला फोन करीन' हे उत्तर आहे.

मनात जुने दुःख साचले असेल तर त्यासाठी वेगळी पद्धत आहे. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या प्रसंगाविषयी लिहायला सांगितले होते. लिहिल्यानंतर लगेच त्यांना अधिक उदास वाटले, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या कमी झाल्या. हे करून पाहायचे असेल तर शुद्धलेखनाची फिकीर न करता लिहावे, कागद नंतर फाडून टाकला तरी चालतो, आणि चार दिवसांनी थांबावे. लिहिताना अगदीच सहन होईनासे झाले, तर लगेच थांबून जवळच्या माणसाशी किंवा समुपदेशकाशी बोलावे. ताज्या आघातानंतर हा प्रयोग एकट्याने करू नये.

अडथळे, आणि त्यांतला सर्वांत मोठा

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नवेपणा ओसरतो आणि कंटाळा येतो. हा कंटाळा छंद चुकल्याची खूण नसतो. तेव्हा वीसऐवजी पाच मिनिटे बसावे, पण बसावे. पैशांची अडचण असेल तर गावचे वाचनालय, भजनी मंडळ, नदीकाठ यांना शुल्क जवळजवळ नसते.

सर्वांत मोठा अडथळा अपराधीपणाचा आहे आणि तो बायकांच्या वाट्याला अधिक येतो. मी वही घेऊन बसले की कोणीतरी सहज विचारत असे, "काम नाही का आज?" प्रश्न साधा होता, पण मी वही मिटत असे. यावर भांडण किंवा मनात कुढणे हे दोन्ही उपयोगाचे नाहीत. एके रविवारी सर्वांच्या देखत मी शांतपणे सांगितले, की साडेसहा ते सात ही माझी वेळ आहे, तेवढ्यात चहा कोणी मागितला तर त्याने स्वतः करून घ्यावा आणि मलाही द्यावा. पहिले दोन आठवडे अवघड गेले, नंतर घराला त्या वेळेची सवय झाली. ज्या घरात असे बोलणे शक्यच नाही, तेथे छंद दोघी-तिघींनी मिळून सुरू करावा. जाऊ किंवा शेजारीण बरोबर असली की तोच वेळ घरच्यांना मान्य होतो. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जमून झोक्यावर गौराईची गाणी म्हणणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी हे फार पूर्वीच ओळखले होते.

पायरी सहावी: तीन महिन्यांनी फेरतपासणी

नव्वद दिवसांनंतर पहिल्या आठवड्यासारखीच सात दिवसांची नोंद पुन्हा करावी आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात. छंदाच्या वेळेला किती गुण मिळाले, एवढेच पाहू नये; छंदानंतरच्या दोन तासांत घरातल्यांशी बोलणे कसे होते, झोप कशी लागली, सकाळी उठताना पहिला विचार कोणता आला, तेही पाहावे. माझ्या बाबतीत सर्वांत मोठा फरक छंदाच्या बाहेर पडला होता: रात्री साडेदहाला झोप लागू लागली होती आणि मुलांना फोन करताना माझ्याकडे तक्रारीशिवाय सांगण्यासारखे काहीतरी असे.

गुण वाढले नसतील तर छंद बदलावा आणि त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नये. माझी पेटी मी शेजारच्या मुलीला दिली. ती आता रोज संध्याकाळी सराव करते आणि भिंतीपलीकडून ऐकू येणारे तिचे अडखळते सूर ऐकत मी शब्द लिहीत असते. पहिली वही भरली आहे. दुसरीच्या पहिल्या पानावर सासूबाईंनी कानबाईच्या एका गाण्याची सुरुवात सांगितली, पण चौथी ओळ त्यांना आठवत नाही. ती पारोळ्याच्या त्यांच्या मावसबहिणीला येत असेल, असे त्या म्हणतात. येत्या रविवारी आम्ही दोघी तिकडे जाणार आहोत.